घोडीची डावी बाजू

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथी इयत्ता ओलांडली नव्हती. वडील सही करतात, पण ती करायची तर त्यांना खाली मांडी घालून बसावं लागतं. मी कॉलेजात आलो खरा, पण वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मान खाली घालतो. अशा माणसानं लिहायला बसावं हे कुणाला उद्धटपणाचं वाटलं, तर त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. शिवाय मला लिहायचं आहे ते कुणा थोर माणसाविषयी नाही. आमच्या घोडीच्या अंगावर गाठी आल्या, त्या कशानं आल्या, आणि ते कळून काय उपयोग झाला, एवढंच लिहायचं आहे. वसतिगृहात ही हकीकत मी एकदा सांगू लागलो, तेव्हा खोलीतला एक जण म्हणाला, "अरे, शेवटी घोडीच ना?"  हे लिहून झालं की त्यालाच वाचायला द्यावं असं मनात आहे. कदाचित देणारही नाही.

आम्ही माळी. गाव वाशीम आणि केनवडच्या मधे, मळा ओढ्याला लागून. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, थंडीत मुळे. आठवड्यात एकदा केनवडचा बाजार, एरवी वाशीम. भाजीचा बाजार पहिल्यानं पोचणाऱ्याचा असतो. आमची बैलगाडी पोचेपर्यंत ऊन चढायचं, जुड्या माना टाकायच्या, आणि गिऱ्हाईक हात लावून पुढे जायचं. वडिलांना याचं काही वाटत नसे. माझ्या काकांना वाटे. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना मूल नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला काकूनंच वाढवलं. काका वर्षभर वडिलांच्या मागे लागले आणि शेवटी रिसोडकडून एक घोडी आणि तिच्या मापाचा छकडा घेऊन आले.

घोडी तांबूस रंगाची, बुटकी, पूर्वी नवरदेवाच्या वरातीत चालणारी. ती सवय तिची गेली नव्हती. वाशीमच्या रस्त्यात कुठे वाजंत्री ऐकू आली की भाजीच्या गाडीसकट पाय उचलून नाचू लागायची, आणि मागे वांगी रस्त्यावर सांडायची. काका तिला मारत नसत. वाजंत्री लांब जाईपर्यंत थांबून राहत. तिला ते 'बाई' म्हणत. "चाल बाई", "सरक बाई". काकू म्हणायची, "मले लग्नापासून 'अवं' शिवाय हाक नाही, अन् घोडी बाई! सवत आनली असती तं परवडलं असतं, थे सैपाक तरी करती."

आमच्या मळ्यात त्याआधी कधी घोडा नव्हता, हे इथेच सांगायला हवं. बैलाचं आम्हाला सगळं माहीत. घोडीचं काका विचारून विचारून शिकत होते. जे विचारायचं सुचलं नाही, ते बैलासारखंच करत गेले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वाशीम स्टेशनावर उतरलो. दर सुट्टीला काका छकडा घेऊन बाहेर उभे असत. या वेळी कुणी नव्हतं. स्टेशनावरच्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं मला ओळखलं.

"बाबू, तुम्हारी घोडी को बड़ी बीमारी है. पूरे बदन पे गाठी. सरकार गोली मारती उस बीमारी में."

"कोण म्हणालं?"

"मैं बोला. मैंनेच डाक्टर को जाके बताया. वो हौद पे पानी पीती थी, मेरे भी दो जानवर वहींच पीते. छुपाके मैं क्या करूँ? रोटी उन्हीं से है." मग थोडा थांबून म्हणाला, "आदमी को भी लगती वो बीमारी. संभालना. मैं तुमको गाँव तक नहीं छोड़ता, माफ करना."

मी ट्रंक खांद्यावर घेऊन चालत घरी गेलो.

घोडी गोठ्यात नव्हती. गावाबाहेर, ओढ्याच्या काठी, एका बाभळीखाली बांधली होती. तिच्याजवळ काका उकिडवे बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं.

"हाताला काय झालं, काका?"

"काई नाही, बिब्बा उतला."

मी पुढे विचारलं नाही. आमच्याकडे दर वर्षी कुणाला ना कुणाला बिब्बा उततोच. डोंगराकडच्या जंगलातून काळे बिब्बे आणायचे, मडक्यात घालून खालून-वरून गोवऱ्यांचा जाळ करायचा, आणि तळाच्या भोकातून जे काळं तेल गळतं ते पावसाळा सरता सरता घरच्या सगळ्या लाकडाला फासायचं, म्हणजे वाळवी लागत नाही. नांगर, मोटेचं चाक, गाडीचे दांडे, सगळ्याला. ते तेल कातडीला लागलं की आग होते, गाठी येतात, फोड येतात, काळे डाग पडतात. त्यावर खोबरं आणि तीळ वाटून लावतात. तोच बिब्बा औषध म्हणूनही चालतो. कुठे सूज आली, गाठ आली, की तापवलेल्या बिब्ब्याचे ठिपके सुजेच्या कडेनं देतात. हे आम्ही जन्मापासून पाहत आलो. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

काय काय झालं ते काकूनं मला चुलीपुढे सांगितलं. ढोरांचे डॉक्टर येऊन गेले होते. काकू तोंडावर पदर धरून त्यांची नक्कल करत होती.

"असे लांबूनच उभे राह्यले. काठीनं तिची मान वर केली. 'नाकातून पाणी येतं का?' नाही म्हनलं. 'खोकते का?' नाही. मंग म्हनते, 'घोडीला हात लावणाऱ्या कुणाच्या अंगावर गाठ, फोड, काही?' तुहे काका तं फडकं सोडाले लागले होते, बाबू. तेवढ्यात तुह्या बापानं मधीच म्हनलं, 'नाही साहेब. कोनालेच नाही.' अन् तुह्या काकाले डोये दाखवले."

"काहून?"

काकूनं भाकरी उलटली आणि दाराकडे पाहिलं. वडील ओसरीवर होते.

"त्याईले विचार," ती म्हणाली.

विचारायची गरज नव्हती. ती गोष्ट मला ठाऊक होती. वडील लहान असताना गावात प्लेग आला होता. एका सरकारी माणसानं दारात उभं राहून विचारलं, घरात कुणाला गाठ आली आहे का. आजोबांनी खरं ते सांगितलं. मग आजीला गावाबाहेरच्या झोपडीत नेलं. वडील आणि काका लांबून भाकरी ठेवून यायचे. एके दिवशी भाकरी तशीच राहिलेली दिसली. वडील एरवी खोटं बोलत नाहीत. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्या तोंडून पुन्हा निघणार नव्हतं. टांगेवाल्यानं त्यांनाही सांगितलं होतं, की हा रोग माणसाला लागतो.

डॉक्टरांनी ग्लँडर्स नावाच्या रोगाचा संशय घेतला होता. घोडीला वेगळं ठेवा, कामाला जुंपू नका, साज जाळून टाका, असं सांगून गेले होते. खात्री करायची तर औषध टोचून पाहावं लागतं आणि ते औषध नागपूरहून यायचं होतं. खात्री झाली की गोळी.

घोडी काकांची होती, आणि गोळी पडली असती तर काकांचंच काही तरी गेलं असतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. तसं बोलत कुणी नव्हतं. गावात मात्र आमची मेथी कुणी घेईना. "तुमच्या भाजीले घोडीचा वास येते," असं पाणवठ्यावर एकीनं काकूला ऐकवलं. काकूनं तिला उत्तर दिलं, "तुह्या नाकाले चांगला येते मग." पण घरी येऊन ती रडली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी काकांबरोबर बाभळीखाली जाऊ लागलो. ते तिच्यावर इलाज करत होते. निखाऱ्यावर चिमट्यात बिब्बा धरायचा, तेल सुटलं की दाभणाचं टोक त्यात बुडवायचं आणि एकेका गाठीभोवती ठिपके द्यायचे. प्रत्येक ठिपक्याला घोडीची कातडी थरथरायची.

"झालं बाई, झालं. हे एकच राह्यलं. हे एकच."

एकच म्हणत म्हणत ते सगळ्या अंगावर फिरत. मी दोर धरून उभा राहायचो. करण्यासारखं दुसरं काही नसल्यानं मी त्या गाठींकडेच पाहत असे. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की गाठी अंगभर नाहीत. छातीवर एक आडवा पट्टा. पुढच्या पायांमागे पोटाखालून एक. दोन्ही कुशींवरून मागे गेलेली एकेक ओळ. तोंडावर काही नाही. पायांवर काही नाही. पुठ्ठ्यांवर काही नाही. मी डोळे बारीक करून पाहिलं, तर तिच्या अंगावर साज चढवलेला असावा तसं दिसलं.

"काका, साज जाळला?"

"नाही रे. छपरात टांगला हाये. जाळीन कसा? उद्या बरी झाली तं?"

मी जाऊन पाहिलं. पट्टे काळे चकचकीत होते. हाताला चिकट लागत होते. परत आलो आणि विचारलं, पट्ट्यांना काय लावलं. काका सहज म्हणाले, "पावसात छकडा बंद होता, तं वाळवीनं पोटाखालचा पट्टा खाल्ला. मंग दसऱ्याच्या आंधी दांड्याले तेल देलं तवा साजालेई देलं. आतून-बाहेरून. चांगलं चोयलं हातानं."

मी ते त्यांना कसं सांगितलं, नीट आठवत नाही. अडखळतच सांगितलं असणार. आधी पट्ट्यांचं सांगितलं, मग ठिपक्यांचं, म्हणजे ज्या गाठी पट्ट्यानं आल्या त्यांच्याभोवती आपणच आणखी आणतो आहोत, हे. काकांनी चिमटा खाली ठेवला. मग त्यांचा आवाज चढला.

"म्हनजे मी तिले जाळून राह्यलो म्हनतं?"

"तसं नाही, काका."

"तसंच म्हनून राह्यला तू. सारं गाव सुजेवर बिब्बा लावते. तुह्या बापाच्या गुडघ्याले कोनं लावला होता? मीच ना? अन् बैलाच्या जुवालेई तेल देतो आमी. बैल कधी उतला?"

"जुवाखाली बैलाच्या मानीले गोनपाटाची घडी असते. हे घोडीच्या अंगाले सीधं लागते. अन् घाम येते त्याच्याखाली. तुमचा हात पाहा ना काका, कसा झाला."

"माहा हात हरसालचाच हाये," ते म्हणाले, पण बोलताना त्यांनी हाताकडे पाहिलं.

मग थोड्या वेळानं, घोडीच्या पाठीवर हात ठेवून, म्हणाले, "असं कर, कालेजवाले. डावी बाजू तुही, उजवी माही. तुह्या बाजूले मी हात लावत नाही. पाहू कोनाची बाजू बरी होते."

"अन् माही झाली तं?"

"तं मी ढोर हावो अन् थे मानूस."

मी डाव्या बाजूला लागलो. आधी राखेनं आणि पाण्यानं ती बाजू धुऊन काढली. मग काकू काकांच्या हातासाठी वाटायची तेच खोबरं आणि तीळ थोडं जास्त वाटून घेतलं. काकू कुरकुरली, "दिवाळीच्या करंज्यातलं खोबरं घोडीच्या कुशीले चाललं. आता सणाले थे करंजीच खा तिच्या अंगावरची." पण वाटून तीच द्यायची, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त द्यायची.

काका उजव्या बाजूला दाभण घेऊन उभे, मी डाव्या बाजूला वाटी घेऊन, आणि मधे घोडी. आम्ही एकमेकांशी तिच्या पाठीवरून बोलायचो. ते दिवस दुःखाचे होते असं मी म्हणू शकत नाही. काका मला तिकडून विचारायचे, "काय म्हनते तुही बाजू?" मी म्हणायचो, "बोलत नाही अजून." ते म्हणायचे, "शिकलेल्याची बाजू हाये, लाजत असंल."

दिवाळी झाली. डाव्या बाजूच्या गाठी मऊ पडल्या, मग सुकल्या, खपल्या धरल्या. उजवीकडे जुन्या फोडांशेजारी नवे आले. एका सकाळी काका निखारे घेऊन आले, नेहमीच्या जागी बसले आणि उठले. माझ्या बाजूला येऊन त्यांनी कुशीवरून हात फिरवला. मग दाभण बाभळीच्या सालीत खोचून ठेवलं.

"मी रोज टोचे," ते म्हणाले, "अन् थे चूप उभी राहे."

त्या दिवसापासून दोन्ही बाजूंना खोबरं लागू लागलं. कारण सापडलं होतं. मला त्या वेळी वाटलं की आता सगळं संपलं. कारण सापडलं की रोग संपतो, असं मला वाटायचं.

मी वडिलांना म्हटलं, "बाबा, मी वाशीमले जातो. डाक्टरले सारं सांगतो अन् काकाचा हात दाखवू. बिब्ब्याचा डाग कोनीई ओयखते."

"घोडीचं सांग. हाताचं सांगू नोको."

"हाताशिवाय त्याईले पटंल कसं? हातच तं साक्ष हाये."

वडील विळा घासत होते. घासणं न थांबवता म्हणाले, "घोडी गेली तं दुसरी येईल. भाऊ नेला तं कोन आनून देईल? तू?"

मी तरी वाशीमला गेलो. डॉक्टर जागेवर नव्हते. मानोऱ्याकडे गुरांना बुळकांडी लागली होती आणि ते तिकडे तांड्यातांड्यानं फिरत होते. दवाखान्यात निरोप ठेवून परत आलो.

सुट्टी संपत आली असताना ते एका दुपारी न कळवता आले. बरोबर बंदूक घेतलेला एक शिपाई होता. वडिलांनी त्यांना लांबून येताना पाहिलं आणि काकांना मागच्या दारानं मळ्यात पाठवून दिलं. मी ते पाहिलं, पण तोवर डॉक्टर बाभळीखाली पोचले होते. मी धावत गेलो, माझ्यामागे वडीलही आले.

डॉक्टर थकलेले होते. डोळे लाल होते, बुटांवर मानोऱ्याकडची माती होती. मी नमस्कार करून म्हटलं की मला काही सांगायचं आहे.

"तुम्ही कोण?"

"यांचा मुलगा. अमरावतीला कॉलेजात शिकतो."

"सायन्स?"

"नाही. संस्कृत आणि इतिहास."

ते हसले नाहीत. "बरं, सांगा," म्हणाले.

मी सांगितलं. इतकं नीट मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. पट्टे, तेल, ठिपके, डावी बाजू, उजवी बाजू. डॉक्टर घोडीच्या डावीकडे गेले, वाकून पाहिलं, मग उजवीकडे. परत डावीकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की पटतं आहे. खरंच पटत होतं, असं मी अजून मानतो.

"हे तेल पट्ट्यांना कोणी चोळलं?"

"माझ्या काकांनी."

"हातानं?"

"हो."

"त्यांना काही झालं?"

मी तोंड उघडण्याआधी वडील म्हणाले, "काई नाही साहेब. खडखडीत हाये."

डॉक्टर सरळ उभे राहिले. "ज्या तेलाच्या नुसत्या पट्ट्यानं घोडी एवढी उतली, ते ज्यानं हातानं चोळलं तो खडखडीत? मग हा बिब्बा नव्हे."

"नाही साहेब," मी म्हणालो. "काकांचा हात उतला आहे. मळ्यात आहेत ते."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

शिपाई काकांना घेऊन आला. काकूही मागोमाग येऊन लांब उभी राहिली. हात पहिल्यानं उतला कधी, कसा, हे तिला सगळं माहीत होतं, पण थोरल्या दिरासमोर ती कधी बोलली नव्हती, आणि त्या दिवशीही तिच्यानं बोलवलं नाही. काकांनी फडकं सोडलं. परवा-परवापर्यंत रोज बिब्बा हाताळल्यामुळे हात वाळला नव्हता. बोटांवर नवे फोड होते. कोपराकडे पू धरलेला होता, आणि त्या सगळ्यावर खोबऱ्याचा पांढरा थर. काळे डाग त्याखाली झाकले गेले होते.

डॉक्टर मागे सरले. "हा हात त्या दिवशी कुठे होता? मी स्पष्ट विचारलं होतं."

"बिब्बाच हाये साहेब," वडील म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. "माह्या लेकराची आन. बिब्बाच हाये."

"आता बिब्बा. मघाशी काही नाही. त्या दिवशीही काही नाही. यातलं खरं कोणतं धरू?"

 काका म्हणाले, "साहेब, माह्या हाताचं जाऊ द्या. तिची डावी बाजू पाहा ना. तिची डावी बाजू."

"हा रोग असा कमी-जास्त होत असतो," डॉक्टर म्हणाले.

ते क्रूर नव्हते. असते तर मला लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नागपूरचं औषध अजून आलेलं नाही, नुसती घोडी असती तर मी थांबलो असतो, पण ती हाताळणाऱ्या माणसाला फोड आहेत आणि घरचे ते लपवत होते, यात थांबायची माझी छाती नाही. "हा रोग माणसाला झाला तर माणूस जगत नाही. तुम्ही शिकलेले आहात. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?" मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे.

काकांना बैलगाडीत बसवून वाशीमला न्यायचं आणि तिथून रेल्वेनं अकोल्याच्या दवाखान्यात, असं ठरलं. त्यांना घोडीजवळ जाऊ दिलं नाही. गाडी निघाली तेव्हा ते मागे तोंड करून बसले होते. ओढा ओलांडताना त्यांनी तिथून ओरडून सांगितलं, "तिले डाव्या बाजूनं धरजा रे! उजवी दुखते तिची!"

आम्ही डाव्या बाजूनंच धरलं. वडिलांनी आणि मी ओढ्यापलीकडच्या पडीत खड्डा खणला होता. साजही त्यात टाकायचा होता. संध्याकाळ होत होती. गावात कुणाच्या तरी अंगणात तुळशीचं लग्न लागलं आणि वाजंत्री सुरू झाली. घोडीनं कान टवकारले. मग ती पाय उचलू लागली, एक, मग दुसरा, वरातीत चालायची तशी. वडिलांनी दोर माझ्या हातात दिला आणि ते गावाकडे तोंड करून उभे राहिले. ती थांबेपर्यंत शिपाईही थांबला, हे मला लिहायला हवं. वाजंत्री काही थांबेना. शेवटी त्यानं मला बाजूला हो म्हणून खूण केली.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला परतलो. निघताना वडील माझ्याशी बोलले नाहीत. काकूनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "तू खरं बोलला. तुह्या बापानं खोटं सांगतलं. अन् दोघंई तुह्या काकासाठीच बोलले." भाकरी ट्रंकेत ठेवून मी निघालो. 

वसतिगृहात मी अभ्यास करायचा प्रयत्न करत होतो. रोज वाटायचं, काकांची बातमी येईल. ती वाईट असेल असंही वाटायचं, आणि ती चांगली असेल या विचारानं तर जास्तच भीती वाटायची. कारण काका बरे निघाले, तर घोडीही बरी होती असा त्याचा अर्थ होणार होता. तर्कशास्त्राच्या तासाला हे असलं काही शिकवलं की मी खिडकीबाहेर पाहत बसायचो.

थंडी पडली होती तेव्हा एका दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी वडील उभे दिसले. ते याआधी कधी अमरावतीला आले नव्हते. डोक्याला मुंडासं, हातात मुळ्यांचं गाठोडं. खोलीत आले, पण खाटेवर टेकले नाहीत, खाली भिंतीशी बसले. इथे जेवायला काय देतात ते विचारलं. वांगी यंदा बरी आली आहेत म्हणाले. बैलगाडीच नेतो आता, उशीर होते थोडा, पन होते, म्हणाले. पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला आणि त्याच्याकडेच पाहत बोलू लागले.

"तुह्या काकाले सोडलं. घरी आला. अकोल्याले त्याचं रगत पाह्यलं, सारं पाह्यलं, अन् लय दिवस येगळं ठेवलं. हात तं तिथं गेल्यावर आपोआपच सुकला म्हने. मोठ्या डाक्टरनं पाह्यला, अन् म्हने, हा तं बिब्बा उतला हाये, याले इथं कायले आनलं?"